मानेची शीर

मी बारामतीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तसे आम्ही दोघं यांच्या गावी, वडगाव निंबाळकरला राहायला आलो. यांनी हौसेनं गोठा बांधला, एक कालवड आणली. ती गाभण असतानाच हे गेले. पुढं झालेलं वासरू मोठं झाल्यावर मी देऊन टाकलं. मुलगी बंगळूरला असते. "आई, गाय विकून टाक आणि इकडं ये," असं ती दर फोनला म्हणायची. गाईला सोडून कशी येऊ, असं मी सांगायचे. दिवसभरात मी मोठ्यानं बोलायचे, ते फक्त त्या गाईशीच.

यंदाच्या उन्हाळ्यात गाय वैरणीला तोंड लावेना झाली. दूध आटलं. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून नुसती उभी राहायची. शेजारचे तात्या धार काढायला यायचे. त्यांनी तिच्या गळ्याखाली हात घातला.

"बाई, हितं सूज हाय बघा."

मी बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग मला तिच्या मानेची शीर दिसली. कासऱ्यासारखी टम्म फुगून पार जबड्यापर्यंत गेली होती.

माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या तीन, गाईच्या आपल्यासारखे चार, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं होतं. माशाचं रक्त एका फेरीत हृदयातून एकदाच जातं. गाईचं दोनदा, आधी फुप्फुसांकडं आणि तिथून परतून मग अंगभर. अंगातून माघारी आलेलं रक्त आत घ्यायला हृदयाला दर ठोक्यानंतर सैल पडावं लागतं. ती शीर बघून मला एवढं कळलं, की माघारी आलेलं रक्त दारातच अडलंय. का अडलंय, ते कळेना.

दुपारी जनावरांच्या डॉक्टर आल्या. तरुण मुलगी. डाव्या कोपराच्या मागं नळी लावून तिनं बराच वेळ ऐकलं, मग नळी माझ्या कानाला दिली. ठोके लांबून, दबके येत होते. त्यांच्यावर अर्ध्या भरलेल्या घागरीत पाणी हिंदकळावं तसा आवाज.

"तार गिळलीय मॅडम," ती म्हणाली. "गाय निवडून खात नाही. वैरणीतून तार गेली की ती पोटाच्या पुढच्या कप्प्यात अडकते. तिथून हृदय अगदी जवळ. तार छाती आणि पोटामधल्या पडद्यातून घुसलीय. हृदयाभोवतीच्या पिशवीत पू भरलाय, हृदयाला पसरायला जागाच उरली नाही."

"ऑपरेशन करून?"

"आता नाही उपयोग. दुखणं कमी व्हायला इंजेक्शन देते."

डॉक्टर गेल्यावर तात्या जरा घुटमळले. "आमच्या गोठ्यात न्हेऊ का हिला? तुमाला एकटीला बघवायचं न्हाय."

"असू दे तात्या. हितंच राहू दे."

यांचंही हृदयच थांबलं होतं. तेव्हा दवाखान्यात मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, आणि दार उघडलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. गोठ्यात मला कुणी बाहेर बसायला सांगणार नव्हतं. मी खुर्ची आणून तिच्याशेजारी ठेवली. पाणी पाजलं, माशा हाकलल्या, तिच्या मानेवर हात ठेवून बसले. यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल मी मुलीलाही कधी नीट सांगितलं नव्हतं, ते गाईला सांगितलं. ती अधूनमधून कान हलवायची.

दोन दिवसांनी सकाळी ती खाली बसली आणि परत उठली नाही. श्वास लांबत गेला. माझा हात तिच्या मानेवरच होता. शिरेतली थरथर कधी थांबली, ते मला नेमकं समजलंही नाही.

डॉक्टरांनी येऊन गाईला उघडून तपासलं. "बघायचंय का?" असं तिनं विचारलं. शाळेत मी मुलांना बकऱ्याचं हृदय कापून दाखवायचे. मी पुढं होऊन बघितलं. हृदयाभोवतीची पिशवी चपलेच्या चामड्यासारखी जाड झाली होती, आणि तिच्यात काडीएवढा तारेचा तुकडा. मी मान हलवली आणि घरात जाऊन हात धुतले, खरं तर मी कशाला हातही लावला नव्हता.

बांधाला खड्डा घेऊन तिला पुरलं. संध्याकाळी तात्यांच्या घरून चहाला बोलावणं आलं. त्यांची बायको जेवूनच जा म्हणत होती, पण मी उठले. घर हाकेच्या अंतरावर होतं. तरी मी कालव्याच्या कडेनं, लांबच्या वाटेनं निघाले. घरी लवकर पोचायला काही कारणच नव्हतं.