मिटायचा चाकू आणि पहिली पंचमी

आमच्या गावात मिटायचा चाकू असायचा तो फौजीच्या खिशात. रजेवर आलेला फौजी पारावर बसायचा, नखानं पातं उघडायचा आणि काकडीच्या फोडी करून एकेकाला द्यायचा. आम्ही विळ्या-कोयत्याची माणसं. ऊस तोडायचा तर कोयता, गवत कापायचं तर विळा, आणि काकडी खायची तर दातानं. पण ते पातं मिटताना टक्क असा आवाज यायचा, तो ऐकला की माझा जीव त्या चाकूवर जडायचा. मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा तसं झालं नव्हतं. हे मी लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग चाकूशीच लगीन लावायचं हुतं."

बाहत्तरचा दुष्काळ सरून बरे दिवस आले तेव्हाची ही गोष्ट. लग्नानंतरची पहिली पंचमी, म्हणून ती माहेरी गेली. तिचं माहेर शिराळ्याजवळ, माझं गाव रहिमतपुराकडं. पंचमीला मी जायचं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन यायचं, असं ठरलेलं. ती गेली तशी मला घरात करमेना. आईला म्हणालो, "जाऊन लवकर आणतो तिला. रानात भांगलायला माणूस कमी पडतंय." आई म्हणाली, "व्हय व्हय. भांगलायलाच."

पंचमीला पहाटेच निघून एसटीनं शिराळ्यात उतरलो तर ही गर्दी. सगळं गाव नाग बघायला लोटलेलं. मी मात्र जत्रेतल्या एका पालाच्या दुकानापुढं उभा राहिलो. अडकित्ते, कात्र्या, वस्तरे, आणि मधोमध तो. शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ. मी नखानं पातं उघडलं, मिटलं. टक्क.

पालवाला म्हणाला, "पावनं, ह्याला खटका न्हाई. पाठीतल्या पट्टीच्या जोरावर पातं उभं ऱ्हातंय. कापा, सोला, काय बी करा. टोक तेवढं कशात दाबू नका, उलटं मिटतंय."

मी व्हय म्हणालो. लक्ष होतं कुणाचं?

आता नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडं पण विळी त्या दिवशी कोपऱ्यात पालथी असायची. पण तो मला बायकांच्या चुलीपुरता नेम वाटायचा. आणि कापू नये म्हणतात, विकत घेऊ नये असं तर कुणी सांगितलं नव्हतं. अशा हुशारीत मी सासुरवाडीला पोचलो.

दारात मेव्हणा भेटला. त्याला दाखवल्याशिवाय माझा जीव राहीना. तो म्हणाला, "दाजी, नुसतंच चकाकतंय, का टोक बी हाय?"

"बघ की," म्हणालो आणि टोक दाराच्या चौकटीत दाबलं.

पातं उलटं मिटलं ते माझ्या बोटांवर. उजवा हात. रक्ताची धार उंबऱ्यावर. आत भिंतीवर नुकताच काढलेला नाग, त्याच्यापुढं लाह्या आणि दूध, आणि दारात जावई रक्त गाळत उभा. सासूबाई बाहेर आल्या, आधी उंबरा बघितला, मग चाकू, मग मला.

"पंचमीचं पातं घिऊन आला? माझ्या दारात?"

"मामी, नुसतं दाखवत हुतो."

"नागोबानंच दाखीवलं तुमास्नी!"

बायकोनं हळद दाबली, चिंधी बांधली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते. हसत होती.

पुढं जेवणं. पुरणाची दिंडं, वर तुपाची धार. उजवा हात बांधलेला, डाव्या हातानं जेवायचं कसं? बायकोनं भरवावं तर वडीलधाऱ्यांपुढं ते त्या काळी शोभायचं नाही. शेवटी मेव्हणा पुढं बसला. म्हणाला, "आ करा, दाजी." आणि मिशा आलेल्या जावयाला मेव्हणा घास भरवतोय हे बघायला शेजारपाजारच्या बाया दारात गोळा झाल्या.

सासूबाईंचा राग अजून उतरला नव्हता. त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पावनं, सरळ सांगते. अशा अपशकुनाच्या चाकूसंगं मी पोरगी लावून देत न्हाई. उद्या एकच काय ते न्यायचं. चाकू तरी, न्हाईतर पोर तरी. बोला."

बायको परातीजवळ उभी. माझ्याकडं बघत होती.

आणि माझ्या तोंडात आख्खं दिंड. मेव्हण्यानं कोंबलेलं. गिळता येईना, बोलता येईना. मी नुसता चावत राहिलो. चावतोय आणि सगळे बघतायत.

बायको म्हणाली, "आई, इचार करू दे त्यास्नी. मी तवर तूप वाढते."

दारातल्या बायांना हसू फुटलंच. सासरे ठसकले. मी घास गिळून "पोर, पोर!" म्हणून ओरडलो, पण ऐकतो कोण? सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांनी चाकू उचलून कोपऱ्यात ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. म्हणाल्या, "आजचा दीस जाऊ द्या."

सकाळी निघताना त्यांनीच तो काढून उंबऱ्यावर ठेवला. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "उचला. पातं हातात देऊ नये, भांडाण लागतंय."

एसटीच्या वाटेवर बायकोच्या टाचेत काटा मोडला. बांधावर बसवून मी चाकूच्या टोकानं तो काढला, तेही डाव्या हातानं. नव्या चाकूचं ते पहिलं काम. ती म्हणाली, "दमानं. मी म्हंजी चौकट न्हवं."

पुढं त्या चाकूनं काय केलं नाही? बैलाचं दावं कापलं, आल्याच्या पोत्यांची सुतळी तोडली, पोरांना ऊस सोलून दिला. चाकू मागितला की ती आईसारखाच खाली ठेवायची आणि मी उचलायचो. तरी भांडणं व्हायची ती झालीच. भांडणात ती शेवटी एकच काढायची, "तुमी काय, चाकू का बायकू म्हटल्यावर इचार करत बसला."

"तोंडात दिंड हुतं गं!"

"दिंडाला किती येळ लागतोय?"

जन्मभर हे चाललं. गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. त्याच चाकूनं मी तिला पेरूच्या पातळ फोडी करून द्यायचो. एकदा फोड हातात धरून तिनं विचारलं, "आता सांगा. चाकू का बायकू?"

तोंड रिकामं होतं. मी लगेच म्हणालो, "चाकू."

इतकी हसली की ठसका लागला. सून धावत आली, मला रागावली. ही तिला हातानंच खुणावत होती, रागावू नको म्हणून.

त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मला रडारड जमत नाही. सकाळी रानात जातो, दुपारी येतो. चाकू खिशात असतो. पातं झिजून निम्मं झालंय, टक्क आवाज पण आता बारीक येतो.

यंदा पंचमीला सून म्हणाली, "मामा, चाकू द्या की. दुधाची पिशवी फोडायची हाय."

म्हणालो, "आज न्हाई. दातानं फोड."

दुसऱ्या दिवशी तिनं परत मागितला, हात पुढं करून. मी वाकलो. वाकताना कंबर धरते हल्ली. चाकू उंबऱ्यावर ठेवला.

"हातात द्या की, मामा."

"उचल," म्हणालो.