अक्काच्या पोटातली टकटक

तुमच्या घरातल्या पोटुशी बाईला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तर तो करायचा की नाही हे कोण ठरवतं? डॉक्टर, ती बाई, की तिच्या मनगटातलं लोखंड?

आधीच सांगते, मी असलं काही मानणाऱ्यांतली नाही. भोकरदनला आमच्या घरी खाटेखाली अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील लिहायचे, मी आणि अक्का घड्या घालून बाजाराच्या दिवशी वाटायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

अक्का, माझी मोठी बहीण, तीर्थपुरीला दिलेली. सहाव्या महिन्यात तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ असावी, डोळ्यांची नस दबतेय. औरंगाबादला जाऊन एमआरआय करा. दाजींनी बाळाचं विचारलं.

"हा एक्स-रे नाही, चुंबकावर चालतो. चित्र उठून दिसावं म्हणून देतात ते औषधाचं इंजेक्शन न देता करायला सांगतो. त्यानं बाळाला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. उशीर केलात तर मात्र हिचे डोळे जातील."

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले. अक्का ओसरीवर तूर निवडत होती — निवडत कसली, चाचपत होती. मधेच सुपाच्या काठावर नखानं वाजवायला लागली. टक-टक-टक-टक... थांबली... मग घशातून एक लांब घर्रर्र... पुन्हा टक-टक.

"हे काय गं?"

"पोटात वाजून राह्यलं. कानात न्हाई मंगल, पोटात."

"लेकरू तबलजी निघतंय तुझं."

"मंग तुझ्या भाषणाला साथ करील," ती हसली.

औरंगाबादच्या सेंटरवर अक्काबरोबर दाजी, तिच्या सासूबाई आणि मी गेलो. आत सोडण्याआधी तिथला माणूस म्हणाला, अंगावरचं धातूचं सगळं काढा. अक्कानं मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली. राहिलं लोखंडी कडं. पोटुशीला बाहेरची बाधा नको म्हणून तिच्या सासूबाईंनी नांगराच्या फाळाच्या तुकड्यातून ते घडवून घेतलं होतं.

"ते न्हाई निघायचं," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, आत मोठं चुंबक आहे. लोखंड ओढलं जातं."

"तेच म्हणून राह्यले मी. लोखंड वढून घेतंय, ते लेकराला सोडंल व्हय?"

तेवढ्यात आत आधीच्या पेशंटचं मशीन सुरू झालं. बंद दारातून आवाज आला. टक-टक-टक-टक... शांतता... मग लांब घर्रर्र...

अक्कानं माझा हात घट्ट धरला. "हेच."

एमआरआयचा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. मीही नाही.

"काय हेच?" सासूबाईंनी विचारलं, आणि अक्कानं सांगून टाकलं. तिथंच सगळं संपलं.

"लेकरू आधीपास्नं सांगून राह्यलं, आत नको म्हणून. चला."

दाजींनी पिशवी उचलली. "बाळंतपण झाल्यावर करू की. जल्दी काय हाये?"

मी भांडले. सेंटरवरच्या माणसानंही समजावलं. शेवटी अक्काच म्हणाली, "राहू दे मंगल. मलाबी भ्या वाटून राह्यलं."

मुलगी झाली, चांगली ठणठणीत. मग कडं उतरवून एमआरआय झाला, गाठ निघाली, ऑपरेशन झालं. पण नस बाळंतपणाआधीच वाळून गेली होती. अक्कानं लेकीचं तोंड अजून पाहिलेलं नाही, आणि पाहणार नाही.

तो आवाज तिच्या पोटात आधीच कसा आला? योगायोग म्हणून पाहिलं, माझ्या आठवणीचा घोळ म्हणून पाहिलं... पटत नाही. सुपावरची ती टकटक मी माझ्या कानांनी ऐकलीय. मला छळतं ते वेगळंच — तो नकार आहे, हे सगळ्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. बोलावणं असेल तर? आवाजानं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते आपल्या भीतीनं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर बाई पोटुशी आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मनात येईल ती शंका विचारा. ते गरज आहे म्हणाले, तर बाळंतपणाची वाट बघू नका. आणि दारात कडं आडवं आलं, तर तिचा हात हातात घ्या, तिला समजावा आणि ते उतरवा. अक्काच्या मनगटात ते पुन्हा चढलंय.