‘इतर’चा गठ्ठा

परगावी चार मराठी माणसं एकत्र आली की पाचव्या दिवशी समिती होते आणि सहाव्या दिवशी तिच्यात फूट पडते. म्हैसूरला आमच्यात फूट पडली नाही. समितीचा प्रमुख मी होतो आणि ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं, एवढंच त्याचं कारण.

आम्ही सगळे पुण्या-नाशकाकडून नोकरीसाठी आलेले. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी नंजनगूडच्या कारखान्यात. इथे मराठी पुस्तकं मिळत नाहीत म्हणून आम्ही पत्र्याची एक ट्रंक घेतली, प्रत्येकाने घरातली पुस्तकं तिच्यात टाकली आणि ती दर महिन्याला एकेका घरी मुक्कामाला जाऊ लागली. तिचं नाव पुस्तकपेटी. पेटी आली की फोटो, पेटी निघाली की फोटो. मधले तीस दिवस तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे. नंजनगूडच्या एका घरी तर तिची किल्ली पहिल्याच दिवशी हरवली होती. तरी महिनाअखेरीला त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘अप्रतिम संग्रह. वाचताना डोळ्यांत पाणी आलं.’ कुलूप आम्ही पेटी पुढच्या घरी गेल्यावर तोडलं.

माझा पेटीवर भारी जीव. म्हणजे वाचण्यावर नव्हे, लावण्यावर. मी पुस्तकांना पांढरे कागद चिकटवले, त्यांवर आकडे घातले आणि विभाग पाडले. वैचारिक, कादंबरी, कथा, ललित, प्रवास, चरित्र. उरलेलं सगळं ‘इतर’. या ‘इतर’मध्ये डिटेक्टिव्ह होते, भुतं होती, वाघाच्या शिकारी होत्या, प्रेमकथा होत्या, शंभर प्रकारची लोणची होती, राशिभविष्य होतं आणि कुणाच्या तरी मामाचे जुने दिवाळी अंक होते. गंमत अशी, की वैचारिक पुस्तकं कोरी करकरीत राहायची आणि ‘इतर’ची पानं मात्र निखळायला आलेली असायची. यावरून एखाद्या शहाण्या माणसाने काही निष्कर्ष काढला असता. मी असा काढला, की ‘इतर’मुळे पेटी घाण दिसते.

ठराव मांडला, एकमताने पास झाला. ‘पेटीचा दर्जा राखण्यासाठी इतर विभाग बंद करण्यात येत आहे.’ त्यातलं एकही पुस्तक मी वाचलं नव्हतं. आता लपवण्यात अर्थ नाही, वैचारिकमधलंही वाचलं नव्हतं. प्रस्तावना आणि मलपृष्ठ एवढ्या भांडवलावर मी आठ वर्षं भाषणं केली.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. माझी मुलगी आठवीत. मराठीत काही विचारलं की तिचं उत्तर यायचं, ‘फाइन, बाबा.’ जेवलीस का? फाइन. शाळा कशी झाली? फाइन. आजारी असली तरी फाइनच. पुस्तकपेटीच्या प्रमुखाची मुलगी मराठी पुस्तकाला हात लावत नाही हे ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि तोंडावर कुणी बोलत नव्हतं, हे जास्त लागायचं. पण लोकांचं सोडा. मला खरोखर भीती वाटत होती. ही मोठी होईल, परक्या देशी जाईल, आणि फोनवर आमच्यात ‘फाइन’शिवाय काही उरणार नाही. मी तिच्यासाठी चरित्रं आणली, बोधकथा आणल्या, रोज एक पान वाचायचं वेळापत्रक भिंतीला लावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

गठ्ठा रद्दीत द्यायचा होता. तेवढ्यात बायकोच्या टेलरने तो मागितला. हे म्हातारे गृहस्थ इथल्या जुन्या मराठी घरातले. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात, घरात विठ्ठल, एकादशीला भजन. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं एका दाराचं दुकान. त्यांची मराठी अशी, की वाक्य आपल्याकडून निघतं आणि मध्येच कन्नडमध्ये उतरून जातं.

“हे कागद मला द्या सार,” ते म्हणाले. “वर्तमानपत्र सुम्ने, उगाच फाटतं. हे जाड आहे. ब्लाऊजच्या कटिंगला बरं.”

टेलर लोक मापाचा नमुना आधी कागदावर कापतात. पान लहान पडलं तर चार पानं खळीने जोडून मोठं करतात. मला कल्पना फार आवडली. ‘इतर’ साहित्याचा समाजाला अखेर काही उपयोग झाला, असं मी ग्रुपवर टाकलं. बावीस जणांनी हसरे चेहरे पाठवले.

त्याच सुमारास मुलगी बायकोचे कपडे घेऊन शनिवारी सिटी बसने टेलरकडे जायला लागली. ती त्यांना ताता म्हणायची, इकडे आजोबांना म्हणतात तसं. गेली की दोन-अडीच तास यायची नाही. आम्हाला वाटलं, शिवण शिकतेय. बायको म्हणाली, “शिकू दे. निदान हाताला काही वळण लागेल, तोंडाला तर लागलंच नाही.”

मग आमचं स्नेहसंमेलन आलं. त्यात मुलांची कथाकथन स्पर्धा, परीक्षक अर्थात मी. नियमावलीही माझीच. शुद्ध भाषेला दहा गुण, पाठांतराला दहा, विषयाच्या दर्जाला दहा. कथा पेटीच्या मान्य यादीतल्या पुस्तकातलीच हवी. कथा ऐकावीशी वाटते का, याला गुण ठेवायचे राहून गेले.

आठ दिवस आधी मुलगी जेवताना म्हणाली, “मी पण सांगणार. पण तुम्ही लिहून द्यायचं नाही.”

मराठीत म्हणाली. मी आमटीचा चमचा तसाच धरून बसलो. त्या आठवड्यात मी रस्त्यात अनोळखी माणसांकडेही बघून हसत होतो.

संमेलनाच्या दिवशी आधी सहा मुलांनी वाचनाचं महत्त्व सांगणाऱ्या सहा कथा सांगितल्या. सगळ्यांचे हात एकाच वेळी एकाच बाजूला जात होते, कारण शिकवणी एकाच बाईंची होती. मग माझी मुलगी उभी राहिली.

तिच्या गोष्टीत एक डिटेक्टिव्ह बन्नूरच्या बसमधून उतरला. उसाच्या मळ्यात त्याला पांढऱ्या साडीतली बाई दिसली. ती भूत निघाली. डिटेक्टिव्हने तिला खून कुणी केला विचारलं, तर ती म्हणाली, आधी कैऱ्या पुसून कोरड्या कर, मीठ लावून रात्रभर ठेव, मग सांगते. तो लोणचं घालता घालता तिच्या प्रेमात पडला. तेवढ्यात झाडावरच्या शिकाऱ्याने पिवळं काहीतरी हललेलं बघून गोळी झाडली, पण डिटेक्टिव्हची रास वृश्चिक असल्यामुळे ती त्याला लागली नाही. प्रत्येक वळणावर मुलगी थांबायची, डोळे मोठे करायची आणि म्हणायची, “आमेले...” मग सगळा हॉल तिच्याबरोबर थांबायचा. कन्नडमध्ये ‘आमेले’ म्हणजे ‘मग’, ‘त्यानंतर’. मागची मुलं खुर्च्या सोडून पुढे जमिनीवर येऊन बसली. नंजनगूडच्या किल्लीवाल्या बाईंच्या डोळ्यांत या वेळी खरंच पाणी होतं, हसून हसून.

आणि मी काय करत होतो? मी ‘आमेले’ मोजत होतो. अठरा भरले.

शुद्ध भाषा, दहापैकी दोन. दर्जा, शून्य. यादीत असलं पुस्तकच नव्हतं, म्हणून नियम सातप्रमाणे स्पर्धेतून बाद. हे गुपचूप करता आलं असतं. पण लोक म्हणतील स्वतःच्या मुलीला झुकतं माप दिलं, म्हणून मी माइकवर सांगितलं. “प्रयत्न स्तुत्य होता, परंतु मराठीत अशी भेसळ आपण खपवून घेतली तर पुढच्या पिढीकडून काय अपेक्षा ठेवणार?” पुढची पिढी पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती. पहिलं बक्षीस ‘पुस्तक माझा मित्र’ या विषयावर बोललेल्या मुलाला मिळालं. बक्षीस होतं वॉटरबॅग.

परतताना गाडीत मी विचारलं, “राग आला का?”

“आय अ‍ॅम फाइन.”

त्यानंतर तीन शनिवार ती टेलरकडे गेली नाही. बायको माझ्याशी बोलत होती, पण परीक्षकाशी बोलावं तशी. शेवटी तिचे ब्लाऊज आणायला मला जावं लागलं.

दुकानात खिळ्यांना कागदी पाठी, गळे आणि बाह्या टांगलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर मराठी छापील अक्षरं. एक बाही मी हातात घेतली. डाव्या बाजूला खून झालेला होता, उजव्या बाजूला कैरी चिरलेली होती, मध्ये खळीचा जोड. गळ्याच्या गोलात वाघ अर्धा कापला गेला होता. मुलीची अख्खी गोष्ट तिथे खिळ्यांवर लटकत होती.

“पुट्टी का येत नाही सार?” टेलरनी विचारलं. पुट्टी म्हणजे छोटी. “कथा सांगितली की नाही तिने? काय म्हणाले लोक?”

म्हातारे हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “सांगितली. पहिला नंबर आला.”

“हौदा! खरंच?” ते एवढ्या मोठ्याने म्हणाले, की शेजारचा किराणावाला डोकावला. त्यालाही त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. मला ब्लाऊज घेऊन पळून जावंसं वाटलं.

“तुम्ही तिला छान गोष्टी सांगितल्यात,” मी विषय बदलला. “एवढी पुस्तकं वाचलीत.”

“मी?” ते हसायला लागले. “मला मराठी वाचायला कुठं येतं सार? बोलायला येतं. साळा आमची कन्नडच की. ही अक्षरं बघितली की मुंग्या दिसतात. पुट्टी वाचते. ती वाचल्याशिवाय मी कागदाला कात्री लावत नाही. जे आधीच कापलं होतं, तिथे भोक. ते भोक आम्ही दोघं भरतो. एकदा ती, एकदा मी. बन्नूर माझं. भूत तिचं.”

मी स्टुलावर बसलो. एवढ्या महिन्यांत माझ्या मुलीने डिटेक्टिव्ह, भुतं, शिकारी, लोणची, राशी, मामाचे दिवाळी अंक, अख्खा ‘इतर’ विभाग वाचून काढला होता. मोठ्याने, मराठीत, एका म्हाताऱ्याला कळेल असा. भिंतीवरच्या वेळापत्रकाने जे साधलं नाही ते ब्लाऊजच्या पाठीने साधलं होतं. आणि मी तिला माइकवरून बाद केलं होतं. मला लाज वाटली. इतकी, की चहा आला तो मला घेववेना.

टेलरनी कपाटातून एक पुस्तक काढलं. “हे कापलं नाही. अर्ध्यावर आहे. एका बाईचा ब्लाऊज यापायी थांबलाय, ती रोज भांडते. पुट्टीला सांगा.”

घरी येऊन मी मुलीच्या दारात उभा राहिलो. बोलायला आठ वर्षांची भाषणं कामाला येईनात. “मी चुकलो,” म्हणालो. ती वहीतून वर बघेना. “आणि ताताला मी खोटं सांगितलं. तुझा पहिला नंबर आला म्हणून.”

आता तिने पेन खाली ठेवलं. “खोटं का सांगितलंत?” तिचा आवाज चढला. “तुम्ही त्यांना फसवलंत! शनिवारी यायचं माझ्याबरोबर. खरं सांगायचं. तुम्ही स्वतः.”

तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली, आणि ती मला रागावत होती. मला फार बरं वाटलं.

शनिवारी मी सांगितलं. सगळं, दोन गुणांपासून वॉटरबॅगपर्यंत. टेलर ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, “एवढं वाईट काय म्हणाली ती?”

“आमेले म्हणाली. अठरा वेळा.”

“मग काय म्हणायचं असतं?”

“नंतर.”

“नंतर,” त्यांनी म्हणून बघितलं आणि मान हलवली. “ते आम्ही गिऱ्हाइकाला म्हणतो सार. ब्लाऊज झाला नसला की.”

मुलगी हसली. मग मांडी घालून बसली आणि वाचू लागली. एक माणूस बंद घरात वीस वर्षांनी परत येतो, जिना चढतो, वरच्या खोलीत कुणीतरी चालतंय. टेलरची शिवणयंत्रावरची पावलं थांबली होती. मी दर्जा, विभाग, शुद्धता सगळं विसरलो होतो. मला फक्त वर कोण आहे ते हवं होतं. तिने पान उलटलं आणि थांबली. शेवटचं पान नव्हतं. ते आमच्याच पेटीत असताना कधीतरी निखळून गेलं होतं.

“भोक,” टेलर म्हणाले. “आता कुणाची पाळी?”

“मागच्या वेळी माझी होती,” मुलगी म्हणाली. “त्याच्या आधी तुमची.”

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, मला नाही येत. दोघं तरीही बघत राहिली. मी पुस्तक हातात घेऊन उलटं केलं. मलपृष्ठावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

मी घसा खाकरला.

“आमेले...” मी म्हणालो, आणि मुलगी सरकून जवळ बसली.