अण्णांच्या दुकानातले सुटे भाग

एखाद्या ठिकाणी सहा-सात वर्षं शनिवार घालवले ना, की किस्से आपोआप साठतात. ठरवून कोणी गोळा करत नाही. आपण आपलं काम करत असतो, समोर माणूस येतो, काहीतरी बोलून जातो आणि संध्याकाळी भाजी निवडताना आपण एकट्याच हसत सुटतो! मग नवरा विचारतो, "आज कोण आलं होतं?" दरवेळी त्यालाच काय सांगायचं? म्हटलं, एकदा तुम्हालाही सांगावं.

आधी ठिकाण सांगते. चामराजपेटला अण्णांचं दुकान आहे, बंदुका दुरुस्तीचं. परवाना त्यांच्या आजोबांपासूनचा. अण्णा माझ्या नवऱ्याचे लांबचे काका, पंचाहत्तरीचे. घर मराठी, पण पाच पिढ्या बेंगळुरूत गेल्यामुळे वाक्य 'अहो'ने सुरू होतं आणि कानडी 'सरी'ने, म्हणजे 'बरं'ने, संपतं. हल्ली दुरुस्ती कमीच. लोक येतात ते जुन्या लष्करी रायफलींचे सुटे भाग घेऊन. हे काय आहे? खरं आहे का? काय किंमत येईल? अण्णा डोळ्यांनी सांगतात, मी मोजून सांगते. मी मूळची निपाणीची, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. आठवडाभर नवे भाग तपासायचे आणि शनिवारी शंभर वर्षांचे!

दुकानात एकच पाटी आहे : 'नळी किंवा बोल्ट असेल तर आधी परवाना, मग कॉफी.'

*

मी दुकानात जायला लागले त्याच महिन्यातली गोष्ट. सर्जापूर रोडवरून एक आयटीवाले आले. हातात मखमली पिशवी, पिशवीत पितळी दुर्बीण. "वॉर टाइम स्नायपर स्कोप आहे. ऑनलाइन घेतला. फक्त व्हॅल्युएशन सर्टिफिकेट हवंय."

अण्णांनी ती डोळ्याला लावून समोरचं इडलीचं हॉटेल पाहिलं आणि ती माझ्याकडे दिली. मी पाहिलं, तर अख्खं हॉटेल उलटं! छप्पर खाली, गिऱ्हाइकं वर लटकलेली. रस्त्याच्या सर्व्हेला पूर्वी लेव्हल वापरायचे, तिची ती दुर्बीण. जुन्या लेव्हलमधून सगळं उलटंच दिसतं.

मी हळूच म्हटलं, "सर, यातून शत्रू उलटा दिसेल."

ते म्हणाले, "तेव्हाची काही स्पेशल टेक्नॉलॉजी असेल का?"

अण्णा म्हणाले, "असेल की! गोळी मारायलाच नको. शत्रू आपोआप डोक्यावर पडतो."

*

फोटो पाठवून भाग ओळखून घेणारे बरेच असतात. हुबळीच्या एका गृहस्थांनी एका पत्र्याच्या भागाचा फोटो पाठवला. फोटोवरून तो बोटाएवढा आहे की हाताएवढा, काहीच कळेना. मी लिहिलं, 'सर, शेजारी स्केल ठेवून फोटो पाठवा.'

दहा मिनिटांत फोटो आला. भागाच्या शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा!

मी लिहिलं, 'वजनाचा नको, सर. लांबी मोजायची पट्टी ठेवा.'

पुन्हा फोटो आला. पट्टी होती. सरळ, स्वच्छ, प्रत्येक मिलिमीटर वाचता येईल अशी.

भाग मात्र उचलून घेतला होता!

*

सगळेच काही हसण्यावारी जात नाहीत. म्हणजे आम्ही हसतो, पण नंतर.

बसवनगुडीहून एक काकू आल्या. साठीच्या, काठापदराची साडी, बरोबर सून. त्यांनी रुमालातून एक पितळी कुपी काढली, बोटभर लांब. झाकण फिरवलं की आतून चमच्यासारखी बारीक दांडी निघते. "आमच्या आजेसासूबाईंची अत्तरदाणी. एवढी नाजूक, राजघराण्यातली असणार. सुनेच्या नावावर करायचीय, म्हणून किंमत विचारायला आले."

अण्णांनी कुपी हातात घेतली मात्र, त्यांचा चेहरा खुलला. अस्सल वस्तू! रायफलीच्या लाकडी दस्त्यात एक चोरकप्पा असतो, त्यात शिपाई ही तेलाची कुपी ठेवायचा. दांडी तेल सोडायला. पण काकूंना हे सांगायचं कसं?

"अक्का," अण्णांनी विचारलं, "आजेसासरे फौजेत होते का हो?"

"होते ना! तुम्हाला कसं कळलं?"

अण्णांनी सांगितलं. काकूंनी झाकण काढून वास घेतला. नेहमी घेत असाव्यात तसाच, डोळे मिटून.

"पण याला अजून वास येतो हो."

"बंदुकीच्या तेलाचा, अक्का."

सून तोंडावर पदर धरून खाली बसली. काकूंनी कपाळावर हात मारला. "अगंबाई! दर वर्षी गौरी जेवतात तेव्हा मी यातलं बोट सवाष्णींच्या मनगटाला लावते! चाळीस वर्षं!"

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "मग काय बिघडलं? एकीच्या तरी मनगटाला गंज चढला का?"

*

आता माझी फजिती सांगते. लपवण्यात अर्थ नाही, अण्णा ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगतातच.

एक विक्रेता आला. बोलायला गोड, पांढरे बूट. त्याने डबी उघडली. आत कापसावर बारा स्क्रू, काळपट, जुनेपणाचा रंग चढलेले. "पहिल्या महायुद्धातल्या रायफलींचे, मॅडम. कोरे, न वापरलेले. म्हैसूरचे एक रिटायर्ड मास्तर सगळा सेट घेतायत. त्यांना फक्त अण्णांची सही पाहिजे."

ते मास्तर पेन्शनीतून तीन वर्षं एक मोडकी रायफल पुरी करत होते, हे आम्हाला माहीत होतं. नळी बुजवून निकामी केलेली, फक्त भिंतीवर लावायची. पण प्रत्येक भाग अस्सल हवा हा त्यांचा हट्ट. म्हणून मी भिंग लावून बसले. रंग ठीक. डोक्यावरची खाच ठीक. मग आट्यांना गेज लावला, तर मिलिमीटरचा गेज चपखल बसला!

त्या काळच्या इंग्रजी रायफलीच्या स्क्रूचे आटे इंचांच्या मापाचे, आणि हे मिलिमीटरचे? मी उठलेच. "अण्णा, नकली! हल्ली केलेले आहेत. आणि काय मस्त केलेत! फिनिश बघा, खाच बघा. कुठल्यातरी चांगल्या कारखान्यात..."

आणि मी थांबले. खाचेच्या तळाशी एक बारीक पायरी होती. ती पायरी मला माहीत होती. आमच्या तीन नंबरच्या मशीनचं टूल तशी पायरी सोडतं. दोन महिन्यांपूर्वी 'अँटिक फर्निचरसाठी खास स्क्रू' अशी ऑर्डर आली होती. त्या पायरीवरून सुपरवायझरशी माझं भांडणही झालं होतं, आणि शेवटी 'चालेल' म्हणून मी सोडून दिलं होतं.

"काय झालं, सुनू?" अण्णांनी विचारलं.

मला खोटं बोलता येईना. "अण्णा, हा लॉट मीच पास केलाय!"

विक्रेत्याला वाटलं, सुटलो. तो लगेच म्हणाला, "मग झालं की! मॅडमनीच ओके केलंय!"

त्याला दुकानाबाहेर काढल्यावर मी मास्तरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यातल्या त्यात बरं, बाई. बनवणारे तरी आपल्याच मुलखातले!" खरे स्क्रू त्यांना पुढे पावसाळ्यात मिळाले. गेज मी दोनदा लावला.

*

एका सिनेमावाल्यांनी आमच्याकडून काही जुने पट्टे, कड्या आणि एक मोडका दस्ता भाड्याने नेला होता. दोन दिवसांनी त्यांच्या माणसाचा फोन. "अण्णा, सामान फार चकचकीत आहे. थोडा गंज चढवून मिळेल का?"

अण्णांनी फोन ठेवला आणि हातातलं गंज पुसायचं फडकं बाजूला टाकलं.

"पन्नास वर्षं," ते म्हणाले, "पन्नास वर्षं मी गंज काढतोय. आधी सांगायचं ना!"

*

शेवटचा किस्सा कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, दोन भावांचा.

धाकटे पूवय्या आधी आले. सत्तरीचे, ताठ, कडक इस्त्री. वडिलांची रायफल बरोबर. तीही निकामी केलेली, कागदपत्रं चोख. एका संग्राहकाला द्यायची होती, किंमत हवी होती. अण्णांनी रायफलीवरचा नंबर वाचला, मग बोल्टच्या, म्हणजे गोळी नळीत सरकवणाऱ्या खटक्याच्या, दांडीमागचा. जुळेना.

"बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. दोन्ही नंबर एक असते तर दुप्पट किंमत आली असती."

पूवय्यांनी बोल्टवरचा नंबर पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा माझ्या भावाच्या रायफलीचा. वडिलांनी दोघांना एकेक दिली होती."

"मग जाऊन बदलून आणा."

"आम्ही अकरा वर्षं बोलत नाही."

का, तर कॉफी वाळवायच्या अंगणात घातलेली एक भिंत. अण्णांनी पुढे विचारलं नाही. फक्त भावाचा फोन नंबर मागून घेतला.

थोरले बोपय्या पुढच्याच शनिवारी अकरा वाजता आले. पूवय्यांनाही अण्णांनी अकराच सांगितले होते! दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले, मध्ये दोन रायफली आणि मी.

"अक्का, त्यांना सांगा, बोल्ट नीट धरायला."

"अक्का, त्यांना सांगा, मला शिकवू नका म्हणून."

मी अर्धा तास इकडचं तिकडे करत होते. वाक्य आधीच पोचलेलं असायचं, तरी मी पोचवायचे. अण्णांनी दोन्ही बोल्ट काढून निळ्या कापडावर शेजारी-शेजारी ठेवले. मी फोनवर फोटो काढले, दोन्ही नंबर स्पष्ट.

तेवढ्यात बोपय्या एका बोल्टवरच्या ओरखड्याकडे वाकले. "हा तू पाडलास. कैलपोदच्या शस्त्रपूजेच्या दिवशी. दगडावर आपटलास."

"मी नाही. तू ढकललंस."

"अप्पांनी दोघांना एकदमच रायफली पुसायला बसवलं होतं."

"आणि तू माझा बोल्ट घातलास."

"तू माझा घातलास!"

त्यांच्या लक्षात आलं की मी मध्ये नाही. मी कॉफी आणायला उठले होते. परत आले तेव्हा दोघं बाकाच्या मधोमध बसून अप्पांच्या माराच्या गोष्टी सांगत होते. कॉफी तीनदा झाली. दीड वाजता अण्णांनी स्वतःच्या हाताने बोल्ट बसवले, रायफली कापडात गुंडाळल्या, आणि दोघं भाऊ एकाच रिक्षाने गेले.

मी नोंदीसाठी फोटो उघडले. अण्णांनी रायफली गुंडाळतानाही मी एक फोटो काढला होता. तो मोठा करून नंबर वाचले, आणि फोन तसाच अण्णांच्या नाकासमोर धरला.

"अण्णा! तुम्ही बोल्ट बदललेच नाहीत! ज्याचा त्याला गेलाच नाही. आले तसेच परत गेले!"

अण्णा चष्मा पुसत होते. त्यांनी तो सावकाश डोळ्यांवर चढवला.

"हो का? अरेरे. वय झालं बघ," ते म्हणाले. "दोघांना पुढच्या शनिवारी परत बोलाव."