पपई, ढिंगरी आणि धाकटी जाऊ

आमच्या घरात पपई पिकते आणि आमच्याच घरातल्या गरोदर बाईनं तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. कळसाडीच्या शिवारात बाग आहे, हंगामात माल कागदात गुंडाळून ट्रक भरून उत्तरेकडं जातो. तिकडच्या बायकांनी खावी, आमच्या सुनांनी नाही. मी माझ्या दोन्ही खेपांना निमूटपणे पाळलं. धाकट्या जावेच्या वेळी मात्र माझं डोकं फिरलं.

या नियमाचं मूळ सासूबाईंच्या हातांत आहे. पपई तोडली की देठातून पांढरा चीक गळतो, तो लागला की कातडी सोलवटते. त्यांनी उभा जन्म तोडणी केली, बोटांवर अजून पांढुरके डाग आहेत. "पपईना चीक हात जाळस, पोटमा जाईसन काय करी?" त्या हात पुढं करून विचारायच्या. त्या हातांपुढं कोण बोलणार? तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, कच्ची नको हे खरं, पण पूर्ण पिकलेलीत तो चीक राहत नाही, खुशाल खा. सासूबाई म्हणाल्या, "तिले काय माहीत? तिनी कधी पपई तोडी का?"

धाकटीचं रक्त फार कमी होतं. सहावा महिना लागला तरी पोट दिसेना. ओठ पांढरे, जिना चढली की धाप. गोळ्या घेतल्या की ओकायची. लेकरू नीट राहील का, आणि ही तरी राहील का, हीच एक काळजी मला रात्रंदिवस होती. बाकी घर आपलं तोडणीत गुंग.

त्याच सुमारास मी जुन्या गोठ्यात ढिंगरी अळंबी लावली होती. गव्हाचा भुसा उकळायचा, पिशवीत भरायचा, त्यात बी पेरायचं आणि अंधारात टांगून ठेवायचं. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. "तू आनी तुन्ह्या कुत्रान्या छत्र्या," नवरा हसायचा. पण अळंबीबद्दल घरात नियमच नव्हता, कारण ती कधी कुणी खाल्लीच नव्हती! म्हणून धाकटीच्या ताटात मी ती उघड वाढू शकले.

अळंबी लावायच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की ओल्या ढिंगरीत शंभर ग्रॅममागं तीनेक ग्रॅम प्रथिनं असतात, पपईत अर्धा ग्रॅमसुद्धा जेमतेम. मी हे सासूबाईंना ऐकवलं. पण खरं सांगायचं तर अळंबीचा मोठेपणा तिथंच संपतो. दोन्हीत पाणीच जास्त, लोह दोन्हीत बेताचंच. आणि पपईतलं अ आणि क जीवनसत्त्व अळंबीत औषधालाही सापडायचं नाही. क जीवनसत्त्व पोटात असलं तर भाकरी-डाळीतलं लोह अंगी लागतं. नुसती एक खाऊन भागत नाही, दोघी जावांसारखं आहे ते, एकीचं उणं दुसरीनं भरून काढायचं. हे कळत असूनही बागेच्या मालकिणीला क जीवनसत्त्वासाठी शहरातून महागडी पावडर आणायची? काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तेव्हा मी दुपारी पिकलेल्या पपईच्या फोडी पदराखाली झाकून धाकटीच्या खोलीत न्यायला लागले. ती घाबरत खायची, मग हसायची. "ताई, कितली गोड शे." आमची अळीमिळी गुपचिळी. महिनाभरात तिच्या तोंडावर थोडी टवटवी आली. मी मनातून फुशारले होते, कशाला खोटं बोलू.

आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत रक्तदाब भलताच चढला होता. पोटातच गेलं लेकरू. मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, रक्तदाबामुळं झालं, खाण्याचा काही संबंध नाही. पण धाकटीनं भेदरून खाटेवरच पपईचं कबूल करून टाकलं होतं. मग काय! चोर सोडून संन्याशाला फाशी. सासूबाईंनी नुसते आपले हात माझ्यापुढं धरले. मला त्या हातांचा इतका संताप आला की मी तिथून उठून गेले.

घरी आल्यावर धाकटीनं जेवण सोडलं. आधीच अंगात रक्त नाही, त्यात बाळंतपणात इतकं गेलेलं. चहा तेवढा घ्यायची, बाकी ताट तसंच परत. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी परत परत सांगितलं, पिकलेल्या पपईनं असं होत नाही म्हणून शपथा घेतल्या. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मीच मन्हं लेकरू खादं, ताई." ही बाईसुद्धा आता हातची जाणार, हे मला लख्ख दिसलं.

शेवटी मी तिच्या खाटेवर बसले आणि सांगितलं, "पपईनं नाही गं झालं. माझ्या अळंबीनं झालं. त्या पिशव्यांत विषारी निघाली होती, मला मागून कळलं."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग ओक्साबोक्शी रडली. संध्याकाळी सासूबाईंनी भरवलेली खिचडी तिनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी गोठ्यातल्या सगळ्या पिशव्या उकिरड्यावर नेऊन जाळल्या. मी दारात उभी राहून बघितलं. खरं फक्त नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आते कोनले सांगू नको."

ती सावरली. आता तिला परत दिवस गेलेत. रक्त याही खेपेला कमीच आहे म्हणतात. मला कुणी सांगत नाही, कानावर येतं तेवढंच. ओसरीवर सगळ्या बायका जेवायला बसतात, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळून गेले, की ती ताटावर पदर ओढते.