झिजलेल्या दात्यांची दुसरी बाजू

शेजारचे दत्तूकाका क्रिकेटच्या मैदानावर माळी होते. बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र त्यांनी बावीस वर्षं चालवलं. काका रिटायर झाले, त्याच महिन्यात यंत्रही भंगारात निघालं, तर ते त्यांनी टेम्पोत घालून घरी आणलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "गिअरचे दाते झिजलेत. पार्ट मिळत नाही. सोडून द्या."

आज त्यांनी अंगणात गिअरबॉक्स उघडला होता. वर्तमानपत्रावर सगळे भाग काढले त्याच क्रमानं मांडलेले. मी बघायला गेले तर एक गिअर माझ्या हातात दिला.

"अंगठा फिरवा, बाई."

दाते एका अंगानं पार गुळगुळीत झाले होते. दुसऱ्या अंगाच्या कडा मात्र अजून बोटाला लागत होत्या.

"एकाच बाजूनं राबलाय तो. उलटा बसवतो."

"पण काका, इथं फरशीवर गवत कुठंय?"

"गवताचं कोण बोलतंय? भंगार म्हणाले ना त्याला."

मलाही गेल्या महिन्यात शाळेनं शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. तीस वर्षं एकच विषय शिकवला. झिजले असेन, नाही कशाला म्हणू? पण तीही एकाच बाजूनं. दुसऱ्या बाजूला अजून कुणी हात लावलेला नाही.

ग्रीसनं माखलेले हात पुसायला काका फडकं शोधत होते. मी घरात गेले, कपाटातली ती शाल काढली आणि त्यांना आणून दिली.