तलावावरची हवा

माझं दोन इंजिनांचं छोटं, जुनं विमान मी नाडकर्णीकाकांकडून घेतलं. नजर अधू झाल्यामुळे त्यांना ते विकावं लागलं होतं. परवा सकाळी ते धावपट्टीवर आले आणि पंखाच्या ताणलेल्या कापडावरून कितीतरी वेळ तळहात फिरवत राहिले. तो हात पाहून मला राहवलं नाही.

"काका, येता का बरोबर?"

"येऊन काय करू? मला खालचं काही दिसायचं नाही," ते म्हणाले. पण बोलता बोलता ते शेजारच्या जागेवर बसलेसुद्धा.

ऊन चढलं होतं. नांगरलेल्या शेतांवरची तापलेली हवा आम्हाला हलकेच वर उचलत होती. मग एकाएकी विमान जरासं खाली बसलं. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "तलाव आला."

खाली खरंच तलाव होता; पाण्यावरची गार हवा विमानाला तसं उचलून धरत नाही. मला तो नेहमी डोळ्यांनीच कळायचा. वाटलं, माणूस एखादी वस्तू विकतो तेव्हा नेमकं काय देऊन टाकतो? कागद दिले, किल्ल्या दिल्या. हवेची ही ओळख मात्र त्यांच्यापाशीच राहिली होती, आणि ती तशी राहिली याचं मला फार बरं वाटलं.

"घ्या काका," म्हणत मी विमान चालवायच्या मधल्या दांड्यावरचा हात काढला. त्यांनी दांडा दोन बोटांत अलगद धरला.

"पाणी संपलं की सांगू नकोस," ते म्हणाले. "मला कळेल."

मी बऱ्याच दिवसांनी नुसता खाली बघत राहिलो.